एकोणीस सल्ल्यांचा सामना

महाराजांचा हुकूम वाचला आणि नरगुंदे मास्तरांनी अंथरूणच धरलं!

दुसऱ्या दिवशी निंबसखर संस्थानच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना होता, शेजारच्या हातकुंडी संस्थानशी. मागल्या वर्षीचे पाचही ताडमाड गडी बी.ए. होऊन नोकरीला लागले होते. मास्तरांनी नवी पोरं जमवून संघ पुन्हा उभा करायला घेतला होता. पोरं चपळ होती, पण नवखी. ओळीनं चार सामने हरली. मग काय, गावात ज्याला तोंड होतं त्याला मत होतं! उभ्या जन्मात ज्यांनी चेंडूला हात लावला नाही, ते राजवाड्याच्या चौकात तीन दिवस डावपेचांवर भांडत होते.

"पाचही जणांनी आपल्या जाळीखाली उभं राहावं," दिवाणसाहेब म्हणाले. "समोरच्यांचा गुणच झाला नाही, तर आपण हरू कसे?"

"आणि जिंकू कसे?" सुभेदार कडाडले. "पाचही जणांनी एकदम चढाई करायची! मागं कुणी थांबायचंच नाही!"

"पण धावू नये," राजवैद्य म्हणाले. "धावल्यानं पित्त खवळतं."

"आणि मध्यंतरापर्यंत दक्षिणेकडे तोंड करू नये," ज्योतिषीबुवांनी बजावलं.

असे अठरा सल्ले जमले. एकोणिसावा खुद्द तुळाजीराव महाराजांचा. "बास्केटमध्ये चेंडू फक्त कप्तानानं टाकायचा. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं!"

कुणाचा सल्ला मानायचा यावरून हातघाई व्हायची वेळ आली, तेव्हा महाराज हट्टाला पेटले. लेखी हुकूम सुटला. 'उद्याच्या सामन्यात एकोणीसच्या एकोणीस सल्ले वापरले जावेत. एक जरी वाया गेला, किंवा आपला संघ हरला, तर संघ मोडू, मास्तरांना काढू आणि मैदानावर हत्ती बांधू!'

मैदानावर पाणी मारणारी आणि चुन्याच्या रेषा आखणारी चांगुणा मास्तरांसाठी काढा घेऊन गेली. मास्तर कण्हत होते. "उभं राहायचं, पळायचं, पण धावायचं नाही! कसं जमायचं गं?"

चांगुणा चिडली होती. ही पोरं रोज सकाळी गुडघे फोडून घेताना तिनं पाहिली होती. त्या अठरा शहाण्यांपैकी एकही एकदासुद्धा सराव बघायला फिरकला नव्हता! तिनं मास्तरांकडून हुकूम दोनदा वाचून घेतला आणि तडक दरबार गाठला.

"सरकार, मास्तरांना ताप भरलाय. हुकूम मी पार पाडते."

महाराजांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू? रेषा आखणारी?"

"रेषा मीच आखते, सरकार. म्हणून तर आत काय आणि बाहेर काय, ते मला कळतं!"

दरबारात खसखस पिकली. महाराजांना मात्र उत्तर आवडलं. "बोल, काय हवं तुला?"

"उद्या सल्लागार मंडळी मी सांगेन तिथं बसतील. बस्स."

"दिलं! पण एक सल्ला जरी कमी पडला ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

दुसऱ्या दिवशी मैदान फुलून गेलं. चांगुणानं अठरा गादीच्या खुर्च्या मांडल्या, त्या थेट हातकुंडीच्या संघाच्या पाठीशी!

"अगं, हे तर शत्रूचे गडी!" सुभेदार गुरगुरले.

"आपली पोरं नवखी, सुभेदारसाहेब," चांगुणा नम्रपणे म्हणाली. "तुमचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जातं. पाहुणे जाणकार आहेत. ऐकून थक्क होतील!"

सुभेदारांच्या मिशा फुलल्या. मंडळी पान चघळत ऐसपैस बसली. मग चांगुणानं पाहुण्यांना हात जोडले. "आमच्याकडे पाहुण्यांना उत्तम तेच देतात. ही आमच्या संस्थानातली जाणती माणसं. आणि कप्तानसाहेब, खुद्द महाराजांनी सांगितलंय, की बास्केटमध्ये चेंडू फक्त कप्तानानं टाकावा!"

हातकुंडीचा कप्तान भुजंगराव आधीच आढ्यतेखोर. त्यानं छाती फुगवली. "महाराजांना खेळ कळतो!"

आपल्या पाच पोरांना मात्र ती एवढंच म्हणाली, "मास्तरांनी शिकवलं तेच खेळा. जो मोकळा असेल, त्याला चेंडू द्या."

शिट्टी वाजली. पहिली दोन मिनिटं सल्लागार गप्प बसले. पण तोंडाशी आलेलं मत गिळायचं कसं?

"जाळीखाली थांबा!" दिवाण ओरडले.

"थांबताय काय? चढाई करा!" सुभेदार गरजले.

"धावू नका रे, पित्त होईल!"

"दक्षिण! दक्षिणेकडे तोंड झालं!"

अठराही सल्ले सुटले. ही पडली राजाची माणसं, त्यामुळे त्यांचं ऐकलं नाही असं पाहुण्यांना दाखवताही येईना. दोघं जाळीखाली खिळले, तिसरा पुढं सुटला. चौथा ज्योतिषीबुवांच्या धाकानं उलटा चालत आपल्याच गड्यावर आदळला! मधोमध भुजंगराव एकटाच चेंडू फेकत होता आणि तो जाळीपासून हातभर लांब पडत होता. निंबसखरची पोरं मात्र चेंडू या हातातून त्या हातात देत सरसर पुढं निघत होती.

सामना संपला. निंबसखर एकतीस, हातकुंडी चौदा!

गाव नाचायला लागलं. पण महाराजांचा चेहरा लाल. "चांगुणा! आमच्या पोरांनी एकही सल्ला वापरला नाही! हुकूम मोडलास!"

"नाही, सरकार. सगळे सल्ले सामन्यात वापरले जावेत, असा हुकूम होता. सगळे वापरले गेले, एकही वाया गेला नाही. कुठल्या संघानं वापरायचे, ते हुकमात नव्हतं!"

अठरा माना खाली गेल्या. महाराज पुढे झुकले. "अन् आमचा सल्ला?"

चांगुणानं पदर सावरला.

"त्याची सर कुणाला, सरकार? अठरांनी मिळून पाहुण्यांचे जेवढे गुण घालवले, तेवढे तुमच्या एकट्याच्या सल्ल्यानं घालवले!"

महाराज असे हसले, की डोक्यावरचा मंदिल घसरून कानावर आला. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं उतरवलं, चांगुणाच्या ओंजळीत टाकलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, "संघ कायम! मास्तर कायम! आणि यापुढं आम्हीसुद्धा चांगुणा सांगेल तिथंच बसू!"