माळावरची पालथी मडकी

बघायची तेवढी बघा, पण मडक्यांना हात लावू नका. कातळाच्या कट्ट्यावर ओळीने पालथी घातलेली ही मडकी मूकमाळच्या लोकांची आहेत. ते लोक गेले कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही. आम्ही पायथ्याच्या तळवटी गावचे. आमच्याकडे जे सांगत आले तेच मी सांगतो, पदरचे काही घालत नाही.

माळावर मूल जन्मले की त्याच्या नावाचे मडके घडवत, असे सांगतात. लग्न होऊन सून आली की तिचेही घडवत. माणूस गेला की त्याचे मडके दगडावर फोडायचे. मरण ही आंधळी म्हातारी आहे, ती आवाजावर चालते, अशी त्यांची समजूत. मडके फुटले की ती यायची आणि तो जीव हाताला धरून न्यायची. ज्याचे मडके फुटले नाही, तो मेला असे ते मानतच नसत.

मग एका वर्षी तापाची साथ आली. दिवसभर मडकी फुटत होती. त्यांचा नाईक खेवाजी याचा मुलगाही त्यात गेला. मुलाचे मडके हातात घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "आपुनच तिला हाका मारतुया. आता कुणी मडकं फोडायचं न्हाई. तिला वाट घावणार न्हाई." बापाचे काळीज ते, त्याला दोष तरी किती द्यायचा? लोकांनी ऐकले. पुढे आवाज नको म्हणून दळणाची जातीही थांबवली, पोरींच्या पायांतले पैंजण उतरवले, कुत्री हाकलून दिली. ती कुत्री तळवटीत आली आणि माळाकडे बघून रडत राहिली, म्हणे.

माळावरून कुणीच खाली उतरेना, तेव्हा शेवटी आमची माणसे वर गेली. तव्यावर भाकरी तशीच होती, पाळण्यात दुपटे होते. प्रेत नाही, खड्डा नाही, दुसऱ्या बाजूला उतरलेले एक पाऊलही नाही. फक्त ही मडकी कुणीतरी नीट पालथी घालून ठेवलेली, एकही फुटलेले नाही. माळाला मूकमाळ म्हणू लागले ते तेव्हापासून.

वर गेलेल्यांत आमच्या गावची कोंडाई होती. तिची लेक सोनकी त्याच वर्षी माळावर नांदायला गेली होती. लेकीने आपल्या मडक्यावर नखाने फूल कोरले होते, त्यावरून आईने ते ओळखले आणि पोटाशी धरून घरी आणले.

त्यानंतर त्या बाईचे जे झाले ते वैऱ्याचेही होऊ नये. लेकीसाठी ताट वाढावे, तर ती येत नव्हती. कावळ्याला घास ठेवावा, तर ती मेली असे म्हणायला जीभ उचलत नव्हती. वर्षे गेली. एक दिवस तिची थोरली जाऊ बायजा म्हणाली, "कोंडे, किती दिस पोरीला अडकवून ठेवशील? फोड ते, सुटंल बिचारी."

"आन् ती जित्ती आसंल तर?" कोंडाईने विचारले.

त्या रात्री ती मडके मांडीवर घेऊन बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कोंडाईने आपल्याच उंबऱ्यावर मडके आपटले.

तेव्हा माळावरून हाक आली. एकच. "आई गं."

आवाज सोनकीचा होता. साऱ्या गावाने ऐकला. कोंडाई अनवाणी धावत वर गेली, मागून माणसे मशाली घेऊन गेली, आणि त्यांना काहीही सापडले नाही. काही म्हणाले, पोर सुटली. काही म्हणाले, पोर जिवंत होती आणि आईनेच आंधळीला तिच्यापर्यंत आणले. याचा निवाडा आमच्या गावाला अजून करता आलेला नाही. कोंडाई उरलेले आयुष्य लाखेने खापऱ्या सांधत बसली, आणि ते मडके काही पुरे झाले नाही.

कट्ट्यावर ही जी एक जागा मोकळी दिसते, ती सोनकीची. बाकीच्यांना आम्ही तेव्हापासून हात लावला नाही. धरून ठेवल्याचे पाप लागत असेल तर लागो, दुसरे, फोडल्याचे, आम्हाला झेपणार नाही.

आजही तळवटीत कुणाच्या हातून साधी घागर फुटली, तरी घरातली बाई लगेच खापऱ्या उचलत नाही. आधी दारात येते, माळाकडे कान देऊन उभी राहते, आणि वरून कुणी हाक मारली नाही अशी खात्री झाली की मगच झाडू हातात घेते.