अबोली आणि कोरांटी

“धाकटी माझी अबोली आहे हो! थोरली मात्र कोरांटी निघाली. हात लावला की काटा!”

एका गावात एक सासू शेजारणीला असं सांगत होती. दाराआड नवी सून तांदूळ निवडत होती. तिनं ऐकावं म्हणून ते बोलणं नव्हतं. पण भिंतींना कान असतात, तर सुनांना नसतील?

अबोली म्हटल्यावर तिला बरं वाटलं. नव्या घरात मिळालेलं पहिलं चांगलं नाव, जपायला हवं. मुळात ती कमीच बोलायची, आता तेवढंही बोलेना.

परसात दोन्ही झाडं शेजारीशेजारी होती. एकदा पाणी घालताना थोरली जाऊ म्हणाली, “अगं, या दोघी एकाच कुळातल्या. फुलं बघ, सारखीच नळीची. वाळकी शेंग भिजली की दोघींची तडकन फुटते. एकीचं नाव गोड पडलं, ती गजऱ्यात. दुसरी बसलीय कुंपणाला!” आणि स्वतःच हसली.

धाकटीची मंगळागौर आली. घर बायकांनी भरलं. फुगडीसाठी थोरलीनं तिचा हात धरला आणि लगेच सोडला.

“आई, हिचं अंग तापलंय. हिला निजू द्या.”

सासूनं विचारलं, “काय गं, ताप आहे तुला?”

साऱ्या बायका बघत होत्या. धाकटीनं नाही म्हणून मान हलवली.

“बघा! सणाच्या दिवशीसुद्धा थोरलीला खोटं बोलून विघ्न आणायचंय,” सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरलीला माहेरी पोचवलं. जाताना ती धाकटीला काहीच बोलली नाही. कोरांटी असून.

मग तिचंही काम धाकटीवर आलं. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. हात धरून बघणारं कुणी उरलं नव्हतं, आणि अबोलीला काय होतंय हे विचारायची कुणाला गरज वाटेना. अशात थोरलीच्या माहेरून निरोप आला, “आमची लेक आता परत येणार नाही.”

एका दुपारी धाकटी चुलीपाशी कोसळली. थोरला दीर धावला, सासू धावली. ती म्हणाली, “अगं, होतंय तरी काय? मंगळागौरीला तर ठणठणीत होतीस!”

लोक या गोष्टीचं तात्पर्य सांगतात: दुसऱ्यानं दिलेल्या गोड नावासाठी खरं गिळू नये, ते आधी दुसऱ्याला बाधतं, मग आपल्याला. सुनेला एवढं लांबलचक जमलं नाही. ती म्हणाली,

“ताप आहे, आई. तेव्हाही होता.”