सोडलेली उडी

"अजून किती पडायचं, सर?"

यामिनीनं गादीवरून उठता उठता विचारलं. सकाळपासून ती स्टुलावरून मागं झोकून देत होती, हनुवटी छातीला टेकवून, थेट पाठीवर.

ऑगस्टीन सर हसले. "पाठ दुखते का?"

"नाही."

"मग पड अजून."

यामिनी पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे बांबूउडीत, जिल्ह्यात पहिली आलेली. त्या स्पर्धेत ती गादीबाहेर पडली होती, घोटा मुरगळला होता, तरी लंगडत जाऊन तिनं पदक घेतलं होतं. हे ती सगळ्यांना कौतुकानं सांगे. वसईत सरांकडे आली तेव्हाही आधी तेच सांगितलं होतं.

आताही ती म्हणाली, "मला भीती नाही वाटत, सर. एकदा धावायला लागले की मी थांबत नाही."



सर उठले, खांबांपाशी गेले आणि आडवी दांडी पार खाली आणून ठेवली.

"ही ओलांड."

यामिनीचे कान तापले. एवढीशी उंची तर शाळेतली पोरंही ओलांडतात! तिनं पोल उचलला आणि रागारागानं धाव घेतली.

निम्म्यावर समुद्राकडून वाऱ्याचा झोत आला. पोलचं टोक हेलकावलं, पाऊल चुकलं. समोर पोल रोवायची खोबण... आणि तिला लख्ख कळलं, आता उडाले तर गादीच्या कडेला आपटणार.

तिनं पोल खाली टाकला. तशीच धावत जाऊन गादीवर हात टेकले.



"वारा आडवा आला, सर. सोडली मी उडी."

एवढीशी उडी! आता सर बोलणार, म्हणून ती उभी राहिली. पण आतून लाज अशी वाटेना. उलट कितीतरी हलकं वाटत होतं. घोटे जाग्यावर होते, ऊन कोवळं होतं.

सरांनी पोल उचलला, त्यावरची माती शर्टानं पुसली आणि तिच्या हातात दिला. मग दांडी वर चढवू लागले. वर... आणखी वर. तिच्या पदकाच्या उंचीच्याही वर.

"सर, पण मी तर उडीच मारली नाही..."

सर सुरूच्या झाडाखाली जाऊन पाठमोरे बसले. टोपी डोळ्यांवर ओढली.

"तुम्ही बघणार नाही?"

"आता तुझं तू बघतेस ना."