सोन्याने मढवलेलं चाक

फार पूर्वी नदीच्या उंच कड्यावर एक राजधानी वसली होती. खाली नदी बारमाही वाहायची आणि वर माणसं घोटभर पाण्याला महाग! एका उन्हाळ्यात तर गावातली शेवटची विहीरही आटली. लोकांनी गाड्या जुंपायला घेतल्या. राजधानी ओस पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तेव्हा एका सुतारणीने नदीत चाक उभं केलं. दोन ताडांएवढं उंच, कडेने मडकी बांधलेली. तिची आधीची चाकं मोडून वाहून गेली होती आणि लोक पोट धरून हसले होते. हे मात्र फिरलं! ना बैल, ना माणूस. नदीच चाक फिरवी आणि आपलंच पाणी उचलून कड्यावर ओती. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले. पाणी चढताना आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

पण कडा आणि गाव यांच्यामध्ये राजाची बाग होती. वर आलेलं पाणी बागेच्या भिंतीला अडे आणि पुन्हा नदीत पडे.

राजा धावत आला. मनाचा मोठा चांगला, पण कौतुक करायला लागला की त्याला भान राहत नसे.

"माग बाई, काय हवं ते!"

"महाराज, पाण्याला वाट..."

"समजलं!" म्हणत राजाने हुकूम सोडले. चाकाला सोन्याचा पत्रा ठोका. वर चांदीचं छत्र बसवा. राजज्योतिष्यांनी मुहूर्त काढल्याशिवाय चाक फिरवू नका.

सोनारांनी चाक मढवलं. मुहूर्ताला सनई वाजली, अडसर काढला आणि चाक जागचं हललं नाही. नदी धडका देत राहिली. इकडे गाड्या वेशीकडे निघाल्या.

प्रधान म्हणाला, "बाईचा शोध फसवा निघाला, महाराज. नदीत चाक लावायला बंदीच घाला."

राजाने प्रधानाला हाताने थांबवलं. मग सुतारणीजवळ जाऊन म्हणाला, "त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस. मी ऐकलं नाही. आता सांग."

"सोनं उतरवा, महाराज. त्याच्या भाराने चाक बसलंय. आणि बागेतून पाट जाऊ द्या. चाक मोडलं तर मी पुन्हा करीन. भिंत मात्र तुमची आहे, ती मला पाडता येणार नाही."

"ती बाग राजमातेच्या हातची आहे!" प्रधान ओरडला.

राजाने बागेतल्या, आईने लावलेल्या चाफ्याकडे पाहिलं. मग वेशीकडच्या गाड्यांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने कुदळ मागवली आणि पहिला घाव स्वतः घातला.

सोनं उतरलं, चाक फिरलं. पाणी बागेतून सळसळत गावात शिरलं, गल्लीबोळांतून धावलं. त्याच्यामागे सारा गाव धावला. गाडीत बसलेली एक बाई खाली उतरली, तिने पाण्यात हात बुडवला आणि ती रडायलाच लागली. तिच्या नवऱ्याने मुकाट्याने बैल सोडले. एकेक करत साऱ्या गाड्या सुटल्या.

दुसऱ्या दिवशी वाड्यापुढे लोहार, कोष्टी, कुंभार, आपापल्या डोक्यात काहीतरी नवं घेऊन उभे होते. राजाने थैल्या उघडल्या नाहीत की छत्रं मागवली नाहीत. प्रत्येकाला त्याने एवढंच विचारलं, "तुझ्या वाटेत माझी कुठली भिंत येते?"

तात्पर्य: नव्या कल्पनेला राज्याने मखरात बसवू नये आणि घाबरून कोंडूही नये, तिच्यासाठी वाट तेवढी मोकळी करावी.