कडी लावलेली होती

एकदा एका बाजाराच्या गावात मंगळवारी दुपारी बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी बोंब उठली, की वरच्या आळीतल्या सुंद्राचा तिच्याच घरात खून झाला. मारणारा तिच्या नवऱ्याचा जुना सोबती. तो दिवस मावळायच्या आत पकडलाही गेला. खरं तर गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण गावात ती तिथूनच सुरू झाली.

त्या गावात एक वृद्ध वैद्यबुवा होते. त्यांच्याकडे एक तरुण बाई औषधं कुटायला आणि ती विद्या शिकायला येई. तिला चार वर्षांची मुलगी. खून झाल्यापासून तिने मुलीला बालवाडीत धाडणं बंद केलं, अंगणातसुद्धा सोडीना. मुलगी आधी रडायची, मग रडायचीही थांबली. नुसती भिंतीला टेकून बसे. आणि एवढी भ्यालेली ही आई मुलीला कडेवर घेऊन रोज हातपंपावर जाई, तीच हकीगत पुन्हा ऐकायला.

आठव्या दिवशी ती वैद्यबुवांना म्हणाली, "बाबा, मला काहीच कळेनासं झालंय. ऐकलं की रात्री डोळा लागत नाही. तरी सकाळी पाय तिकडेच वळतात. हे काय व्यसन म्हणायचं?"

वैद्यबुवा म्हणाले, "चल, आज मीही येतो."

पंपावर बायाबाप्यांची गर्दी होतीच.

"दार सताड उघडं टाकून बसली होती म्हणे."

"तेच ना! कडी लावली असती तर वाचली असती. मी तर दिवसाही दार लावून घेते."

"तुला कशाला कडी? तुझं घोरणं ऐकूनच चोर परत जाईल!"

सगळे हसले. तेवढ्यात वैद्यबुवा म्हणाले, "मारणाऱ्याने पोलिसांपुढे जे कबूल केलं, ते सगळं मला सुंद्राच्या सासूने सांगितलंय. ऐकायचंय?"

घागरी खाली ठेवल्या गेल्या.

"दार बंद होतं. कडी लावलेली होती."

"मग उघडली कशाला?"

"तिने आधी कोण म्हणून विचारलं. ओळखीचा आवाज. दहा वर्षं त्याला घरात चहा मिळत होता. तिने उघडली."

"हाक तरी मारायची शेजाऱ्यांना."

"मारली. दोनदा. गिरणी चालू होती, कुणाला ऐकू गेली नाही."

"पण काहीतरी भांडण असेल की त्यांचं?"

"नव्हतं."

मग एकीने घागर उचलली. "बाबांना नीट माहीत नाही वाटतं," असं दुसरी पुटपुटली. बघता बघता पंप मोकळा झाला. शिष्या तेवढी मुलीला घेऊन उभी.

"बाबा, हे काय झालं? एरवी तासभर हलत नाहीत. आज खरी हकीगत कळली, तर निघून गेले?"

वैद्यबुवा तिथेच कट्ट्यावर बसले. "पोरी, ते खुनी शोधायला येत नव्हते. ते सुंद्राची चूक शोधायला येत होते. चूक सापडली की माणूस निवांत घरी जातो, कारण ती चूक आपण करत नाही. आज मी त्यांना चूक दिली नाही. तूही तेच शोधत होतीस. लेकीसाठी शोधत होतीस, म्हणून तुला मी दोष देणार नाही. पण एक सांग, मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात. सुंद्राच्या घरी कुणी नेली?"

तिला कुणीच आठवेना. प्रत्येकाला वाटलं होतं, पोलीस येतायत-जातायत, उगाच साक्षीला ओढतील.

"मी गेले होते," ती हळूच म्हणाली. "उंबऱ्यापर्यंत. कडी कसली आहे ते बघून आले."

वैद्यबुवांनी सरकून तिला कट्ट्यावर बसायला जागा केली.

"मग बाबा, मी आता कडी लावू की नको?"

"लाव की. कडीने काय वाईट केलंय?"

"आणि भाकरी? आता तर आठ दिवस होऊन गेले. आता चालेल का?"

"नेऊन बघ."

तिने चार भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं आणि मुलीला घेऊन सुंद्राच्या घरी गेली. सासूने डबा घेतला आणि कितीतरी वेळ बोलत बसली. मरणाचं नाही. सुंद्रा पिठल्यात मिरची जास्त घालायची, त्यावरून दोघींचं कसं वाजायचं, आणि ओव्या म्हणताना तिचा सूर कसा हमखास चुकायचा, ते. सुंद्राची सहा वर्षांची लेक आतून आली. तिने या छोटीला चिंचोके दाखवले. दोघी अंगणात गेल्या. आई दोनदा उठून बघून आली. तिसऱ्यांदा मात्र उठली नाही, कारण बाहेरून भांडल्याचा आवाज येत होता. आठ दिवसांत प्रथमच तिची मुलगी मोठ्याने बोलत होती.

तिची भीती गेली का? नाही गेली. चूक नसतानाही असं घडू शकतं, हे कळल्यावर जायची तरी कशी? मलाही यातलं सगळं उमगलंय असं मी म्हणणार नाही. पण एवढं मात्र भेटेल त्याला सांगा: अशा घराची हकीगत कानावर आली, तर ती पुढे सांगण्याआधी तिथे कुणी भाकरी नेली का, तेवढं विचारा.