कोगेकर सरांची गाडी

"उस्ताद, एकदा बघून घ्या आणि सांगून टाका यांना, की ही गाडी मेली. मग तरी माझ्या गॅरेजचा नारळ फोडाल ना?"

अंकुश सुताराचा आवाज माझ्या परसापर्यंत आला. मी कढीपत्ता तोडायला म्हणून कुंपणाशी गेले. निमित्त लागतंच.

प्रमिलावहिनींच्या अंगणात सरांची जुनी गाडी बॉनेटचा आ वासून उभी होती. वहिनींचे यजमान, कोगेकर सर गेल्यापासून ती जागची हललेली नव्हती. आज सुरू झाली, तर वहिनींचा भाचा तिला चालवत विट्याला नेणार होता. नाहीतर संध्याकाळी भंगारवाल्याचा ट्रॅक्टर येणार, आणि तिला दोरानं ओढत नेणार.

"ओढत नेलेली मला बघवायची नाही हो," वहिनी सकाळीच मला म्हणाल्या होत्या.

बाबूलाल उस्ताद फाटकातून आत आले. आमच्या कराडातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखाली घडलेले. चेल्यानं गॅरेज काढलं, की पहिला नारळ उस्तादांनीच फोडायचा. त्याशिवाय गिऱ्हाईक त्या गॅरेजची पायरी चढत नाही. अंकुश दिवाळीपासून मागे लागला होता. उस्ताद म्हणायचे, "बघू."

"काय काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा! बॅटरी नवी. पॉइंट घासले. प्लग काढून सुकवले. कार्बोरेटर धुतला. टाकीत ताजं पेट्रोल. स्टार्टर फिरतोय गरागरा, पण इंजिन पकडतच नाही."

"दाखव."

अंकुश आत बसला. एका हातानं चावी, आणि पायानं पेडल दणादण, दणादण. गाडी खोकली. खोकतच राहिली. पेट्रोलचा वास कुंपणापर्यंत आला.

उस्तादांनी वाकून पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी बॉनेट खाली आणलं... आणि लावून टाकलं.

अंकुश हसला. "बघा वहिनी! उस्तादांनीच तोंडावर चादर ओढली."

वहिनींचा चेहरा उतरला.

उस्ताद मात्र त्यांच्या पायरीशी येऊन उकिडवे बसले.

"वहिनी, सर कशी चालू करायचे?"

"मला काय कळतंय भाई यंत्रातलं? मी नुसती शेजारी बसायची."

"तेच विचारतोय. शेजारी बसून काय दिसायचं?"

"उस्ताद, त्यांना काय..." अंकुश मध्ये पडला.

उस्तादांनी नुसतं बोट वर केलं.

वहिनींनी पदर सारखा केला. "ते काळं बटण बाहेर ओढायचे. पायानं खालचं पेडल दोनदा दाबायचे. आणि पाय काढून घ्यायचे."

"मग चावी?"

"नाही. मग माझ्याकडे बघायचे. विचारायचे, 'निघायचं का?'"

"हं..."

"मग मी आठवायची. गॅस बंद केला का, मागची कडी घातली का, चष्मा घेतला का. मग म्हणायची, 'हं, निघा.' तेव्हा कुठं चावी." वहिनी थांबल्या. "मी चिडायची कधीकधी. म्हणायची, 'गाडीत येऊन बसलेय म्हणजे निघायचंच की!' तरी विचारायचेच."

अंकुश गाडीतून उतरून पायरीशी आला.

"तुम्हाला ठाऊक होतं, उस्ताद?" अंकुशनं विचारलं.

"नाही."

मग ते उठले. "चहा होईपर्यंत गाडीला कुणी शिवायचं नाही. तुंबलेलं पेट्रोल उडू दे."

चहाला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

कप रिकामे झाल्यावर उस्ताद म्हणाले, "वहिनी, तुमच्या जागेवर बसा. अंकुश, तू सरांच्या."

"मी काय करू?"

"ऐकलंस ना?"

अंकुशनं ते काळं बटण, म्हणजे चोक, ओढला. पेडल दोनदा दाबलं. पाय काढला. आणि हात चावीकडे गेला.

"विचार," उस्ताद बाहेरून म्हणाले.

"अहो, लोक बघतायत." लोक म्हणजे मीच.

"विचार."

अंकुशची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला खिडकीतून दिसल्या.

"...निघायचं का?"

वहिनी समोर बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. गॅस... कडी... हात चष्मा शोधायला पिशवीकडे गेला. चष्मा डोळ्यांवरच होता.

अंकुशनं चावीला हात लावला नाही. त्या पोराला मी लहानपणापासून बघतेय. असा थांबलेला कधी पाहिला नव्हता.

"हं," वहिनी म्हणाल्या. "निघा."

चावी फिरली.

गाडीनं एक हुंकार दिला... आणि सुरू झाली. कर्दळीतल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. पायरीवरच्या कपबशा किणकिणायला लागल्या. माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले, मला आजही सांगता यायचं नाही.

वहिनींनी डोळे मिटून समोरच्या पत्र्यावर तळहात ठेवला होता. गाडीची थरथर हातात घेत होत्या.

अंकुश बसूनच होता. आवाज पार बारीक झालेला.

"उस्ताद... दोष कशात होता?"

उस्ताद फाटकाकडे निघाले होते. त्यांनी चप्पल पायात सरकवली.

"आणि उस्ताद... नारळ?"

ते थांबले. वळून गाडीतल्या वहिनींकडे पाहिलं.

"आधी इंजिन बंद कर," ते म्हणाले. "त्यांना विचारून."