मेहुणा आणि सहा खांब

सोन्याचं कडं एक आणि मनगटं दोन, इथंच सगळी पंचाईत झाली.

वाघेरी संस्थानात हुतूतूचे सामने संपले, की सगळ्यांत थोर गड्याच्या मनगटात राजे भूपालराव स्वतः कडं चढवत. यंदा कोंडूरच्या कुंभारांचा संघ एकदाही हरला नव्हता. त्यांचा म्होरक्या गेनबा. पण गेनबानं स्वतः शिवून बाद केलेले गडी हाताच्या बोटांवर मावत होते. उलट राजांचे मेहुणे सर्जेराव! त्यांनी बाद केलेले गडी मोजता मोजता कारकुनाला डुलकी लागायची. त्यांचा राजवाडा संघ दर सामन्यात हरायचा, एवढी किरकोळ गोष्ट सोडली तर त्यांच्यासारखा गडी झाला नव्हता.

दरबारात दोन तट पडले. एक म्हणे, जो जिंकवतो तो थोर. दुसरा म्हणे, जो बाद करतो तो थोर. दुसऱ्या तटात राणीसाहेब होत्या, त्यामुळं दुपारपर्यंत तो तट बराच फुगला.

राजांनी मिशीवरून हात फिरवला. "जिंकतो तो संघ. त्यात गेनबाचं काय? सहा जणांनी घाम गाळायचा नि यानं टेंभा मिरवायचा. ते चालणार नाही. ज्यानं त्यानं स्वतः केलं तेवढंच त्याचं. गेनबा, उद्या तू एकटा खेळ. समोर सर्जेराव आणि त्यांचे सहा गडी. जिंकलास तर कडं तुझं. हरलास तर कोंडूरच्या तळ्याकाठची जमीन सर्जेरावांच्या घोड्यांना."

तळ्याकाठीच कुंभार माती काढत. ती गेली की चाकं बंद, मडकी भाजायचा आवा थंड.

गेनबा घरी आला तेव्हा त्याची बायको सारजा आव्यातली राख पाटीत भरत होती. मैदानाच्या रेघा याच राखेनं आखायच्या, ही संस्थानची रीत, आणि ते काम सारजाचं. त्यामुळं दर सामना ती रेघेला नाक लावून बघायची.

"एकटा मी सातांना कसा पुरणार गं?" गेनबा म्हणाला.

"नाहीच पुरणार. डोक्यावर घागर द्यायची झाली तरी शेजाऱ्याला हाक मारता तुम्ही."

"चेष्टा नको. गावाची माती जाईल."

"जात नाही. उद्या तुम्ही फक्त पाय चालवा. तोंड मी चालवते. ते माझं रोजचंच आहे."

सकाळी सगळं संस्थान मैदानावर लोटलं. सारजानं मधली रेघ आखली, हात झटकले आणि सरळ राजांच्या छत्रीपुढं जाऊन उभी राहिली.

"सरकार, ज्यानं त्यानं स्वतः केलं तेवढंच त्याचं, हाच हुकूम ना?"

"हाच."

"आमच्याच माणसाला, की मेहुणेसाहेबांनाही?"

राजे तापले. "बाई, आमचा हुकूम सगळ्यांना सारखा असतो."

"मग ते सहा जण कुणाला धरोत की शिवोत, मेहुणेसाहेबांच्या खाती ते यायचं नाही. उभे राहू देत बापडे. हात लावला तर मात्र हुकूम मोडला."

अख्ख्या संस्थानासमोर हुकूम फिरवायचा कसा?

"उभे राहा खांबासारखे," राजे त्या सहा जणांवर खेकसले. सहाही जण आनंदानं उभे राहिले. वर्षभर सर्जेरावांनी त्यांच्याकडून दुसरं काही करून घेतलंच नव्हतं. दर चढाई स्वतः करायची, मग गडी त्यांच्याच नावावर पडणार, नाहीतर कुणाच्या?

सर्जेराव "हुतूतूतू" करत घुसले आणि गोंधळले. डावीकडं कुणी नाही, उजवीकडं कुणी नाही. गेनबा पार मागच्या रेघेला. दम संपत आला तसे ते हात हलवत परतले.

"श्रीपा दिसला नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं झालं असेल," सारजा म्हणाली.

"कोण श्रीपा?" राजांनी विचारलं.

"तो काय, ऊस खात बसलाय तो जाडा. मेहुणेसाहेब आले की आम्ही श्रीपाला पुढं ढकलतो. ते त्याला शिवतात, खुशीत परत जातात. श्रीपाला बाहेर बसून विसावा. मग आम्ही त्यांच्या एखाद्या गड्याला शिवून येतो, की श्रीपा पुन्हा जिवंत. यंदा त्यांनी मारलेले निम्मे गडी म्हणजे एकटा श्रीपा आहे सरकार."

छत्री धरणारा हसला आणि छत्री हलली.

आता गेनबाची चढाई. सर्जेरावांनी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि ओरडले, "धरा रे, बघता काय?"

"आम्ही खांब आहोत, साहेब," एक खांब म्हणाला.

ओली माती तुडवून पोसलेले गेनबाचे पाय. मेहुण्याला कमरेला लटकवून तो रेघेपर्यंत आला आणि राखेवर हात टेकला. सर्जेराव बाद. बाकीचे सहा हिशेबातच नव्हते.

राजांनी राणीसाहेबांकडं पाहिलं आणि कडं मुठीत घट्ट धरलं. "बाई, खेळ झाला, पण निवाडा राहिला. म्होरक्या मोजायचा कशावर? जिंकण्यावर की मारण्यावर? चुकलीस तर माती गेलीच समज."

सारजानं पदर नीट केला. "सरकार, भैरवगड कुणी जिंकला?"

"आम्ही."

"तिथं सरकारांनी स्वतःच्या तलवारीनं किती मारले?"

गड पडला त्या दिवशी राजे पोट धरून तंबूत पडून होते, हे संस्थानात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मारण्यावर मोजायचं तर गड तोफेवाल्याचा," सारजा म्हणाली. "जिंकण्यावर मोजायचं तर गड सरकारांचा आणि कडं गेनबाचं. माप कुठलं धरायचं ते सरकारांनी ठरवावं. आम्हाला दोन्ही चालतील."

राजे आधी लाल झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि शेवटी ते असे हसले की मांडीवरचं पानाचं तबक खाली गेलं.

"गड आम्ही सोडणार नाही," डोळे पुसत ते म्हणाले. गेनबाला त्यांनी कडं दिलं, तळ्याकाठची जमीन कोंडूरच्या कुंभारांना कायमची लिहून दिली आणि सारजाला हिरवा शालू नेसवून, हत्तीवरून गावात पोचवलं. गेनबा खालून चालत आला.